चावडीची एक रिंग

राजूरला तातेरावांच्या गच्चीवर त्या रात्री पाहुण्यांची अंथरुणे पडली होती. दुसऱ्या दिवशी घरात साखरपुडा होता. संध्याकाळपासून गावातला मोबाइलचा मनोरा बंद पडलेला. त्यामुळे तरुण मंडळी हातातले फोन कंदिलासारखे उंच धरून गच्चीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हिंडत होती.

"पप्प्या, कठड्यावर चढू नको," साक्षी भावावर खेकसली. "रेंज काय आभाळातून टपकून राह्यली का?"

"तू नको शिकवू. जेवताना ताटाखाली फोन धरून कोण बसल्तं?"

तातेराव उशाशी तांब्या ठेवून पडले होते. त्यांनी उभा जन्म संस्कृत शिकवण्यात घालवला होता. घरच्यांशी बोलतानाही क्रियापद जागेवर बसले आहे ना, हे पाहून मगच ते वाक्य सोडीत. ते म्हणाले, "चार तास कोणी हाक मारली नाही, तर तुमची ही अवस्था. एकाची हाक चोवीस वर्षे अर्धीच राहिली होती. त्याला काय वाटले असेल?"

फोन खाली आले.

"भुताची हाय का, आबा?" पप्पूने विचारले.

"ते तुम्ही ठरवा. ज्याच्या बाबतीत घडले, तो माझा स्नेही आहे. त्याला खोटे बोलता येत नाही. बाजारात तो मागे पडला तो या एकाच दोषापायी."

साक्षीने हातातली विजेरी विझवली, आणि तातेराव सांगू लागले.

गोष्ट गेल्या दिवाळीतली. आश्विन वद्य द्वादशी, म्हणजे वसुबारस. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी जुन्या जालन्यातला अंगद टेंभुर्णीला निघाला, तो अगदी साध्या कामासाठी. टेंभुर्णीच्या महेमूदचाचांचा निरोप होता: रस्ता रुंद होतो आहे, आमचा बूथ पडणार आहे, आत तुझी एक वस्तू आहे, घेऊन जा.

ती वस्तू म्हणजे मोडेम. संगणक आणि टेलिफोन यांच्या मध्ये बसून एकाची भाषा दुसऱ्याला सांगणारी चपटी पेटी. या यंत्राला चांगला मराठी शब्द घडवावा, असे तातेरावांच्या मनात पुष्कळ दिवस होते. पण शब्द सापडण्यापूर्वीच यंत्र गेले.

पंचवीसेक वर्षांपूर्वी अंगद औरंगाबादेत शिकून परतला, तेव्हा त्याने बरोबर एक जुना संगणक आणला होता. वडील म्हणाले, एवढ्यात एक म्हैस आली असती. अंगदने त्यावर एक चावडी उभारली. तिचे नावच 'चावडी'. ज्याच्याजवळ संगणक आणि मोडेम असेल, त्याने अंगदच्या घरचा फोन लावायचा, आधीच्यांनी लिहिलेले वाचायचे, आपल्या चार ओळी लिहायच्या आणि निघायचे. भाषा मराठी, अक्षरे रोमन, काळ्या पडद्यावर हिरवी. फोनची तार एकच, त्यामुळे चावडीवर एका वेळी एकच माणूस. कोणाची कोणाशी समोरासमोर गाठ पडत नसे. एक उठून गेला की दुसरा येई, आणि नुकत्याच सोडलेल्या आसनाला ऊब असावी तसे आधीच्याचे शब्द त्याला मिळत. सगळी मिळून नऊ माणसे. राजूरचा एक औषधांचा दुकानदार, बियाण्यांच्या कंपनीतला एक लेखनिक, कोणी कोण. तातेराव त्यांतलेच एक.

घरचा फोनही तोच असल्यामुळे एक रीत ठरली होती. चावडीवर येणाऱ्याने आधी एकच रिंग द्यायची आणि तोडायची. ही खूण. मग जरा थांबून पुन्हा फोन लावायचा. त्या वेळी घरातल्या कोणीही तो उचलायचा नाही. यंत्राला यंत्रच उत्तर देईल.

ही रीत घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडली. पडली नाही ती फक्त अंगदच्या आईच्या, गोजरबाईच्या. तिच्या खोलीतल्या कोनाड्यात त्याच तारेवरचा दुसरा फोन असे. तो वाजला की ती उचलणारच. "दारात आलेल्याला आन फोनवर आलेल्याला ताटकळत ठिवत न्हाईत," हे तिचे शास्त्र. उचलला की कानात कर्कश शिट्टी शिरे. "अंगद्या, फोनमंदी रातकिडा घुसला रे!" म्हणून ती ओरडे, आणि तिकडे कोणाचे तरी वाक्य अर्ध्यावर तुटे. दुसऱ्या दिवशी चावडीवर लिहिलेले असे: काल आई आल्या होत्या.

नऊ जणांत सर्वांत बोलका इमरान. महेमूदचाचांचा हा मुलगा विशीच्या आतबाहेरचा. बापाचा टेंभुर्णीत एसटीडीचा बूथ, आणि त्यातच टंकनाच्या कामासाठी घेतलेला एक संगणक. रात्री अकरानंतर लांबच्या फोनचा दर चौथाईवर येई. तेव्हा दुकानाचे शटर अर्धे ओढून इमरान चावडीवर येई. मोडेम अंगदनेच त्याला एसटीच्या पार्सलने पाठवला होता. कापसाचा भाव, क्रिकेट, शेजाऱ्याचा बोकड, कशावरही तो वाद घाली आणि जिंकून उठे. सारे त्याला 'वकीलसाहेब' म्हणत. मात्र त्याला कोणी पाहिले नव्हते. जालन्याला ये म्हटले की वकीलसाहेब विषय बदलीत.

दोन हजार एकच्या ज्येष्ठात अंगदचे लग्न झाले. लग्नघरात फोन मोकळा हवा म्हणून त्याने मोडेम काढून ठेवला. चावडीवर येणारेही आता कमी झाले होते. इंटरनेटचा मोठा बाजार भरला होता, तिकडे सगळे पांगले होते. बंद करतो आहे, हे कोणाला कळवायचे त्याच्या ध्यानातच आले नाही. लग्नाला दोन-तीन दिवस राहिले असताना रात्री एक रिंग वाजून तुटली. मग पुन्हा वाजली. झोपलेले पाहुणे चाळवले, आत्याबाई उठून बसल्या. अंगदने घाईने फोन उचलला आणि त्रासून म्हणाला, "चावडी बंद झाली. आता इथे फोन करू नकोस."

पलीकडून उत्तर आले नाही. काहीतरी अडकल्यासारखा बारीक आवाज तेवढा आला. तार खराब असेल, असे समजून त्याने फोन ठेवला.

आषाढात राजूरच्या औषधवाल्याकडून कळले, की टेंभुर्णीचा इमरान काविळीने गेला.

"मंग अंगद तवाबी टेंभुर्णीला गेलाच न्हाई?" साक्षीने विचारले.

"नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता मनुष्य वर्षे घालवतो, बाळ. वसुबारसेला गेला."

बूथची पिवळी पाटी उतरवून भिंतीला टेकवून ठेवली होती. महेमूदचाचा फार थकले होते. त्यांनी अंगदला खाटेवर बसवले, चहा मागवला.

"इतके साल आला न्हाईस, बेटा."

"वेळ…" अंगद म्हणाला.

"असू दे. तूबी काही मोकळा बसून राह्यला नसशील."

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. आत मोडेम होता. त्याची तार नीट गुंडाळून वर दोऱ्याने बांधलेली होती.

"ही गुंडाळी त्याच्याच हातची. मी कधी सोडली न्हाई." चाचांनी गुंडाळीवरून बोट फिरवले. "आखरीच्या दिवसांत रातचा उठून इथं यायचा. मी म्हणायचो, पोरा, अंगात जान न्हाई, एवढी जल्दी कशाची? तर खुणेनंच सांगायचा, आलोच म्हणून."

"खुणेने का?"

चाचांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "तुला ठाऊक न्हवतं?"

"काय?"

"इमरान अडकायचा, बेटा. बचपनपासून. एक लफ्ज काढायला सगळा जीव गोळा करावा लागायचा त्याला. गिऱ्हाइकाशी बोलायचो तो मी. तो नुसता मीटर बघायचा. तुमच्या त्या मशीनवर मातर…" त्यांनी दहाही बोटे हवेत नाचवली. "तिथं बिलकुल अडकत न्हवता. एकटाच हसायचा लिहिता लिहिता."

अंगदच्या हातातला चहा निवत चालला होता.

"एका राती या पेटीतून तुझा आवाज आल्ता. बारीक भोंगा असतो ना हिच्यात, त्यातून. मी बाहेर खाटेवर होतो, बराबर ऐकलं. मंग त्यानं फोन उचलून कानाला लावला. कधी न्हाई ते फोनवर बोलायला गेला. मी म्हणलं, या अल्ला, एक लफ्ज निघू दे. च… च… एवढंच निघालं. मंग तिकडून फोन ठेवल्याचा आवाज आला."

अंगदने चहा खाली ठेवला.

"तुझी काही खता, काही चूक न्हाई. तुला कसं समजावं? पर त्याला काय विचारायचं होतं, ते मला आजतक समजलं न्हाई. तुला समजलं तर सांग मला. आता माझे बी दिवस किती राह्यले."

परतीच्या वाटेवर अंगदच्या मनात तो एकच आवाज घोळत राहिला. खराब तार म्हणून त्याने चोवीस वर्षे विसरून टाकलेला आवाज.

घरी पोचला तेव्हा गल्ली निजली होती. बायको मुलीला, अर्पिताला, आणायला पुण्याला गेली होती. घरात काय ती गोजरबाई. तिने संध्याकाळी गाय-वासराला ओवाळून पहिली पणती आपल्या खिडकीत ठेवली होती. दिवाळीचे रंगकाम चालले होते. तिच्या खोलीतला रिकामा कोनाडा रंगाऱ्याने अखेरीस, दिवेलागणीला रंगवला होता, आणि तेलरंगाचा उग्र वास घरभर भरला होता. आता तिचे वय ऐंशीच्या पुढे. समोर उभे राहून बोललेलेही तिला दोनदा सांगावे लागे.

"जेवलास का?"

"जेवलो, आई."

"आँ?"

"जेवलो!"

"मंग वरडतो कशाला?" म्हणत ती आडवी झाली.

बाहेरच्या खोलीत माळ्यावरून उतरवलेली खोकी पडली होती. एकात जुना संगणक, दुसऱ्यात जुना टेलिफोन. सकाळी भंगारवाला यायचा होता. अंगद बराच वेळ त्या खोक्यांकडे पाहत उभा राहिला. मग त्याने संगणक बाहेर काढला, धूळ पुसली, तारा जोडल्या.

आपण करतो आहोत ते निरर्थक आहे, हे त्याला कळत होते. फोनची जोडणी परत करूनच बारा-तेरा वर्षे झाली होती. आईच्या कोनाड्यातला टेलिफोन त्याच वेळी मोडीत गेला होता. दारापुढच्या खांबावरून येणारी तार तोडून नेली होती. भिंतीतली तार बाहेर येऊन वीतभर नुसती लोंबत होती. तरीही त्याने टेलिफोन भिंतीतल्या जुन्या खोबणीत जोडला. मोडेमच्या गुंडाळीची गाठ सोडताना त्याची बोटे थबकली. पण सोडली. एक रात्र चावडी उघडी ठेवू, एवढेच त्याच्या मनात होते. खिडकीत पणती ठेवतो, तसे. कोणी येईल म्हणून थोडीच ठेवतो आपण?

संगणक घरघरला. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. चावडी. आणि खाली लुकलुकणारी एक रेघ, कोणाची तरी वाट पाहणारी.

अंगद खुर्चीत बसून राहिला. इतक्या वर्षांनी त्याला रडू आले. नऊ माणसे डोळ्यांपुढून गेली. त्यांतल्या बहुतेकांचे चेहरेही आता आठवत नव्हते, इमरानचा तर कधी पाहिलाच नव्हता, फक्त त्यांच्या लिहिण्याच्या लकबी आठवत होत्या.

अकरा वाजले. दर चौथाईवर येण्याची वेळ.

टेलिफोन वाजला.

एक रिंग. तुटली.

अंगद हलला नाही. त्याने टेलिफोनपासून भिंतीपर्यंत नजर नेली. तार खोबणीत होती. खोबणीतून भिंतीत. भिंतीतून बाहेर. आणि बाहेर…

काही नाही.

गल्लीत कुत्रे भुंकले नाही. पंखा बंद होता. पणतीची ज्योत आईच्या खिडकीत सरळ उभी होती.  उठून पळावे, असे अंगदच्या पायांना वाटले. मनाला वाटले नाही.

आपला हात टेलिफोनवर पोचला आहे, हे त्याला उशिरा दिसले.

नाही. त्या रात्री उचलला होता. त्या रात्री यंत्राऐवजी माणूस बोलला, आणि माणूसच चुकला.

त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पुन्हा रिंग.

मोडेमवरचा लाल ठिपका पेटला. आत काहीतरी खट्ट झाले. मग ती शिट्टी. आधी एक, लांब. मग दुसरी, तिच्यावर चढलेली. खरखर. घासाघीस. जणू अंधारात दोघे एकमेकांचे हात शोधताहेत.

मग हात सापडले. आवाज थांबला.

पडद्यावर चावडीच्या जुन्या रीतीप्रमाणे ओळ उमटली.

इमरान आला.

अंगद पडद्याकडे वाकला.

पूर्वी इमरानची अक्षरे पावसासारखी यायची. आता एक अक्षर आले. थांबले. पुन्हा तेच अक्षर. पुन्हा थांबले. कितीतरी वेळ…

त्याची बोटेही आता अडकत होती.

एकेक अक्षर, एकेक श्वास सोडल्यासारखे. अखेर ओळ पुरी झाली.

चावडी बंद झाली का?

अंगदने हात मांडीखालून ओढले. अक्षरे सापडेनात. सापडली. 'नाही. उघडी आहे. तू अडकत होतास हे मला…'

शिट्टी कर्कश फुटली. पडदा वेड्यावाकड्या खुणांनी भरून गेला.

आतल्या खोलीतून आवाज आला.

"हालू? कोन हाय?"

"आई!" अंगद किंचाळला. "ठेव! फोन ठेव!"

लाल ठिपका विझला. पडदा काळा झाला. त्याचे वाक्य तिथेच तुटले. पलीकडे पोचले की नाही, कोण सांगणार?

आणि मग त्याच्या ध्यानात आले, की आपण काय ओरडलो. आईच्या खोलीत फोन नव्हता. बारा-तेरा वर्षे नव्हता.

तो दारापर्यंत गेला. पाय उंबऱ्याशी थांबले. आत पणतीचा उजेड होता. गोजरबाई कोनाड्याजवळ खाटेच्या कडेला बसली होती. हात मांडीवर. हातात काही नव्हते.

"आई… काय करून राह्यलीस?"

"फोन आल्ता."

ती त्याचे बोलणे पहिल्याच वेळी ऐकत होती.

"कोणाचा?"

"पोरगं होतं कोनाचं तरी. लई अडखळत होतं रे बिचारं. मी म्हन्लं, सावकाश बोल बाबा, मला कुठं जायचंय? मंग बोललं."

"काय बोलला?"

"चावडी उघडी हाय का, म्हन्लं."

अंगद उंबरा ओलांडून आत आला.

"मंग… तू काय सांगितलंस?"

"काय सांगनार? हाव म्हन्लं. उघडीच हाय, ये."

"आई, तुला काय माहीत, चावडी उघडी आहे का बंद?"

गोजरबाईने पांघरूण ओढून घेतले. "रातच्याला एवढं अडखळून कोनी इचारतं, तर न्हाई कशाला म्हनावं?" ती कुशीवर वळली. थोड्या वेळाने, झोपेतच बोलल्यासारखे, म्हणाली, "हासला तो. मंग ठिवला त्यानं."

गच्चीवर साक्षी पप्पूला चिकटून बसली होती. तातेरावांनी तांब्यातले पाणी घेतले.

"मंग?" पप्पूचा आवाज आता बारीक झाला होता.

"मग काय, उजाडले. अंगद रात्रभर पडद्यापुढे बसून होता. पुन्हा रिंग आली नाही. नंतरही कधी आली नाही. सकाळी त्याने आधी टेंभुर्णीला फोन लावला आणि इमरानला काय विचारायचे होते, ते महेमूदचाचांना सांगितले. आणि त्याला उत्तर मिळाले, हेही सांगितले. म्हातारा फोनवर कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिला."

"आन आजी?"

"तिला काही आठवत नव्हते. म्हणाली, स्वप्न पडले असेल. हाक मारली, तर आँ म्हणून पुन्हा कान पुढे केला."

"म्हणजे सपानच होतं," पप्पू घाईघाईने म्हणाला.

तातेरावांनी त्याच्याकडे पाहिले, मग अंधाराकडे.

"भंगारवाला आला, तसा अंगद आईच्या खोलीत गेला. कोनाड्याचा रंग रात्री ओला होता, हे मी तुम्हाला सांगितले आहे. सकाळी तो वाळला होता. कोनाड्याच्या तळाशी, त्या वाळलेल्या रंगात, चार वाटोळे ठसे होते. सदऱ्याच्या बटणाएवढे. जुन्या टेलिफोनच्या बुडाला रबराचे चार पाय असत, तेवढ्याच अंतरावर. अंगदने तो कोनाडा पुन्हा रंगवू दिलेला नाही. मागच्या महिन्यात मी गेलो, तेव्हा स्वतः बोट लावून पाहिले."

त्यांनी तांब्यावर भांडे पालथे घातले.

"चारही सारखेच खोल आहेत."